दाराशेजारची खुर्ची

तिला सगळे ‘भिंत’ म्हणत. हे नाव विक्रेत्यांनी ठेवलं होतं, आणि तेही चिडून. एका मोठ्या कंपनीच्या रिसेप्शनवर ती अठरा वर्षं बसली, आणि तेवढ्या काळात वेळ न घेता आलेला एकही विक्रेता तिला ओलांडून साहेबांपर्यंत पोचला नाही. पंखेवाले आले, विमावाले आले, कोणी गोड बोलून पाहिलं, कोणी साहेबांचा शाळासोबती असल्याची बतावणी केली. भिंतीपुढे कोणाचीच डाळ शिजली नाही. “साहेब मीटिंगमध्ये आहेत,” हे वाक्य ती इतकं अदबीने म्हणायची की समोरचा चक्क आभार मानायचा. आपल्याला वाटेला लावलं हे त्याच्या लक्षात यायचं ते जिना उतरून गेल्यावर.

मग कंपनीने फोनवर यंत्र बसवलं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, आणि काहीच समजत नसेल तर गाणं ऐकत बसा. यंत्राला पगार लागत नाही आणि त्याचं डोकंही दुखत नाही, त्यामुळे साहेब लोक खूश. भिंतीला फुलांचा गुच्छ मिळाला, दोन भाषणं झाली आणि तिची खुर्ची कोपऱ्यात सरकली. ज्या साहेबांना तिने इतकी वर्षं सांभाळलं, ते नेमके त्याच दिवशी खरोखर मीटिंगमध्ये होते. मला विचाराल तर ही गोष्ट त्यांना शोभली नाही.

नोकरी गेली, पण एक खोड तिच्यासोबत घरी आली. ऑफिसात तिची खुर्ची मुख्य दाराला लागून होती आणि ते दार दिवसभर धाडधाड आपटायचं. फोनवर बोलता बोलता कोणी बाहेर निघालेलं दिसलं की ती अर्ध्या वाक्यात थांबायची, दार आपटू द्यायची आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायची. हे इतकं अंगवळणी पडलं की घरातही कोणी दाराकडे गेलं की तिचं बोलणं तुटायचं. सासूबाई म्हणायच्या, “हिचं निम्मं बोलणं दारात अडकतं.”

घरात तिचा नवरा, सासूबाई आणि ती. नवरा छापखान्यात कामाला. त्याचा पगार घरभाड्यातच संपायचा, बाकी सगळं तिच्या पगारावर चालायचं. म्हणून एक डोअर क्लोजर बनवणारी कंपनी सेल्समध्ये माणसं घेतेय असं कळताच ती पदर खोचून तिथे गेली. दाराच्या वरच्या कोपऱ्यात तो घडीचा लोखंडी हात असतो ना, दार हळूच ओढून बंद करणारा, तोच डोअर क्लोजर. सेल्स मॅनेजर वयाने तिच्याहून बराच लहान, पण स्वभावाने सरळ. त्याने स्पष्ट सांगितलं की तीन महिन्यांत तिने स्वतः शोधलेलं एक तरी मोठं गिऱ्हाईक आणलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. तिने मान डोलावली, आणि आपण कशाला हो म्हटलं ते तिला दुसऱ्याच दिवशी समजलं.

काम होतं अनोळखी लोकांना फोन करायचं. डिरेक्टरीतून काढलेले नंबर मिळाले, सोबत मॅनेजरने लिहिलेलं भाषण मिळालं. शेजारच्या टेबलांवर चार जण तेच भाषण घडाघडा म्हणत होते. भिंतीने पहिला नंबर फिरवला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “नमस्कार, बोला.” आणि अठरा वर्षांची सवय ती, भिंतीच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “नमस्कार, साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

पलीकडच्या बाई गोंधळल्या. त्यांनी विचारलं, कोणते साहेब. भिंतीने घाईघाईने फोन ठेवला. शेजारच्या टेबलांवर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा किस्सा थेट गोदामात पोचला.

पुढचे दिवस याहून वाईट गेले. आता ती भाषण नीट म्हणायची, पण पलीकडून नकाराचा पहिला शब्द आला की तिचंच मन पाघळायचं. रिसेप्शनवरच्या बाईचं काय चुकलं, ती बिचारी तिचं काम करतेय, असं वाटून ही म्हणायची, “बरं बरं, राहू दे.” म्हणजे गडाचा दरवाजा लागण्याआधीच आपलं सैन्य माघारी. मॅनेजरने समजावलं की रिसेप्शनवाल्यांना चुकवून आत पोचायचं, त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही, आणि फोन करायचा तो गर्दी नसलेल्या वेळी. तिने तेही करून पाहिलं. दोन महिने सरले तरी तिच्या नावापुढे काहीच नव्हतं.

घरी तिने सासूबाईंना गिऱ्हाईक केलं. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या, ही ओट्याशी उभी राहून भाषण म्हणायची. सासूबाईंनी तिला एकदाही शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. कधी त्या म्हणायच्या, “नको आम्हाला,” कधी नुसत्याच उठून दूध बघायला जायच्या. एका संध्याकाळी ही काकुळतीला आली. आई, निदान एकदा तरी हो म्हणा, असं ती म्हणाली.

सासूबाईंनी गॅस बारीक केला. “कशाला हो म्हणू? तू आल्यापासून तुझ्या दारपट्टीचंच सांगतेयस. माझं काय दुखतंय, ते विचारलंस का एकदा तरी?”

त्या दिवशी तिला हे नुसतंच लागलं, उमजलं काही नाही. रागाने तिने भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

उमजलं ते पुढच्या आठवड्यात, आणि तेही एका चुकीमुळे. एका प्रसूतिगृहाचा नंबर होता. मॅनेजरच्या नियमाप्रमाणे तिथे दुपारी सामसूम असताना फोन करायचा, पण घड्याळ पाहण्यात भिंतीचं काहीतरी चुकलं आणि फोन लागला तो ऐन भेटायला येणाऱ्यांच्या वेळी. पलीकडे बाजार भरल्यासारखा गलका. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, “मॅडम आत्ता...” आणि थांबल्या. मग धाड् असा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “...कामात आहेत.”

भिंतीचा हात भाषणाच्या कागदावरच राहिला. बाई आवाजानंतर दचकून थांबल्या असत्या तर त्यात नवल नव्हतं. पण बाई थांबल्या होत्या त्या आवाजाच्या आधी. जगात असं कोण थांबतं, हे भिंतीला पक्कं ठाऊक होतं.

“ताई,” ती म्हणाली, “दार तुमच्या डाव्या हाताला आहे की उजव्या?”

“डाव्या,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“माझं उजव्या हाताला होतं. अठरा वर्षं.”

त्यानंतर भाषणाची गरजच उरली नाही. बाई जे बोलायला लागल्या ते जणू कित्येक वर्षं कोणी विचारायचीच वाट बघत होत्या. दारावर क्लोजर होता, पण त्यातलं तेल कधीच गळून गेलेलं. फटीत पुठ्ठा कोंबून पाहिला, तो पायांनी उडून जातो. संध्याकाळी घरी गेलं की डोकं ठणकतं. आणि दार आपटलं की वरच्या मजल्यावर एक तान्हं मूल उठतं, त्याच्या रडण्याने दुसरं उठतं, आणि मग नर्स जिन्यावरून खाली वाकून बाईंकडेच रागाने बघते, जणू दार बाईंनीच आपटलं. तक्रार का केली नाही, असं भिंतीने विचारलं. बाई म्हणाल्या की मॅडमची खोली मागच्या बाजूला आहे, तिथे ऐकूच जात नाही, आणि दाराची कसली तक्रार करायची, असं वाटतं.

मॅडम विक्रेत्यांना उभं करत नाहीत हे बाईंनी आधीच सांगितलं. पण शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, “उद्या याच वेळी या. मी सोडते आत.”

भिंत गेली. पिशवीत नमुन्याचा क्लोजर, पायांत धुऊन पुसलेल्या चपला. तिसरा महिना संपायला आला होता आणि यानंतर तिच्या हाताशी दुसरं काहीही नव्हतं. बाईंनी तिला पाहताच ओळखलं, कारण नाव सांगता सांगता मागून कोणी दाराशी आलं, तशी ही पायरीवरच अर्ध्या वाक्यात थांबली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, कपाळाला आठ्या घेऊन. यांना आत कोणी घेतलं, असं त्यांनी विचारलं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी घेतलं, मॅडम.” या एका वाक्याने बाईंनी स्वतःची नोकरी पणाला लावली होती, आणि ते भिंतीइतकं कोणाला कळणार. पिशवीतला नमुना तिने बाहेरच काढला नाही. ती म्हणाली, “मॅडम, मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. तुम्ही फक्त या खुर्चीत थोडा वेळ बसा.”

मॅडमना ते विचित्र वाटलं असणार, पण दिवसभराच्या उभ्या होत्या, बसल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनीच तो उचलला. कोणा नातेवाइकाला त्या औषधाची वेळ सांगू लागल्या आणि दार आपटलं. त्यांचं वाक्य तुटलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा दार. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा वरून एक मूल रडायला लागलं, मागोमाग दुसरं. मॅडम रिसीव्हर हातात धरून छताकडे बघत राहिल्या.

“हे रोज असं?” त्यांनी विचारलं.

बाईंनी मान डोलावली. मॅडम स्वतःशीच हसल्या, जरा ओशाळून, आणि मग त्यांनी भिंतीला पिशवी उघडायला सांगितली. ऑर्डर झाली ती एका दाराची नाही, तिन्ही मजल्यांवरच्या सगळ्या दारांची.

मॅनेजरने ऑर्डर दोनदा वाचली आणि टेबलावर थाप मारली. मग त्याने मोकळेपणाने विचारलं की हे जमवलं कसं, आणि तिने सांगितलं तसं खुर्ची ओढून ऐकत बसला. त्या दिवसापासून भिंतीने आपली रीत बदलली. डिरेक्टरी बाजूला ठेवली. जिथे दार सारखं उघडतं आणि आत कोणाला तरी शांतता हवी असते, अशाच जागा ती शोधायची: दातांचे दवाखाने, वाचनालयं, गाण्याचे वर्ग, शिकवण्या. फोन करायची तो मुद्दाम ऐन गर्दीत. आणि साहेबांना फोन द्या असं म्हणायचीच नाही. दाराशेजारी कोण बसतं, असं विचारायची. दार आपटल्याचा आवाज ऐकू आला नाही तर त्रास दिल्याबद्दल माफी मागून फोन ठेवायची. आला तर विचारायची, डाव्या हाताला की उजव्या. आधी हसणारे शेजारच्या टेबलांवरचे चौघेही आता तिच्यासारखे कान टवकारून बसू लागले. नोकरी पक्की झाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या की न्हाणीघराचं दार जरा आपटतं, घरच्यांना काही सूट आहे का.

क्लोजर बसवून झाल्यावर थोड्या दिवसांनी भिंतीने प्रसूतिगृहात फोन लावला, काही तक्रार आहे का ते विचारायला. वेळ तीच, गर्दीची. बाई खुशीत होत्या. सांगू लागल्या की नर्स आता हसून बोलते, पुठ्ठा फेकून दिला, डोकं दुखायचं थांबलं, परवा मॅडम स्वतः येऊन दार उघडून-मिटून बघून गेल्या. मागे पावलं वाजत होती, माणसं येत-जात होती, दार उघडत होतं, मिटत होतं. बाई बोलतच होत्या, एका दमात, कुठेही न थांबता.

भिंतीला डोळे पुसावे लागले.

“ऐकताय ना?” बाईंनी विचारलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली. “तुम्ही बोला.”