पाचापैकी पाच

तुमच्या घरच्या भाकरीचा व्यास किती, हे तुम्हाला कधी कुणी विचारलंय? मला विचारलंय. माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, मोजल्याशिवाय जगातली एकही गोष्ट मान्य केलेली नाही. जुन्नरहून ओतूरला जाताना एसटी किती वेळा ब्रेक मारते हे तो बोटांवर मोजतो. लग्नाच्या पंगतीत कुठल्या वाढप्याची बुंदी जास्त सांडते याची वहीत नोंद ठेवतो. डिझाइनच्या कॉलेजात संख्यात्मक संशोधन शिकायला लागल्यापासून ती वही त्याच्या हातातून सुटलेली नाही. मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढले. पाणीप्रश्नावरच्या माझ्या पत्रकात ‘तमाम महिलांची मागणी’ असं वाचून त्यानं चष्मा वर सरकवला.

"तमाम म्हणजे किती गं? विचारलंस किती जणींना?"

"अकरा."

"मग अकरा लिही. अकरा काय कमी आहेत?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक दुरुस्त केलं.

दादाचा जीव अडकला होता एका बसायच्या पाटात. लोणी गावात बायका कांद्याची खुरपणी दिवसभर उकिडव्या बसून करतात आणि संध्याकाळी भिंतीला धरून उठतात. त्यांच्यासाठी त्यानं चाकांचा बुटका पाट बनवला. कॉलेजच्या अंतिम परीक्षणात निवड झाली, तर तो कारखान्यात तयार होणार होता. आठ जणींनी आठवडाभर पाट वापरले आणि दादा फॉर्म घेऊन घरोघर फिरला. आठही जणींनी पाचापैकी पाच गुण दिले! मी लगेच मथळा लिहायला घेतला. दादा मात्र उदास. "एवढं एकमत? आपल्या भावकीत तर चहात साखर किती यावरही होत नाही."

दुसऱ्या दिवशी तो न सांगता शेतावर गेला आणि मोजू लागला. आठांपैकी एकच पाट वाफ्यात होता. बाकीचे बांधावर, त्यातल्या एकावर पाण्याची कळशी.

"काकू, पाट का नाही घेतला?"

"चाकं रुतत्यात वो चिखलात. वढून वढून हात दुखत्यात."

"मग पाच गुण का दिलेत?"

"आवो पावणं, तुमी आमच्यात च्या पिला, पोहं खाल्लं. दारी आलेल्या मानसाला नापास करायचं व्हय?"

"बांधावरचं कुणाला कळतंय? फॉर्म दाखव," असं मी त्याला म्हणाले. हो, मीच, तत्त्वांवर लेख लिहिणारी. तो शांतपणे म्हणाला, "आणि हजार पाट चिखलात रुतले की?"

परीक्षकांपुढे त्यानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले आणि सांगितलं, "फॉर्मात मी पाट मोजला नाही, पाहुणचार मोजला." निवड झाली नाही. माझा मात्र त्या दिवसापासून या माणसावर पूर्ण विश्वास आहे.

त्यानं चाकं काढून पाटाला खालून घसरती फळी लावली. आता तो वाफ्यातच बसून मोजतो: पाटावर किती वेळ, पाटाशिवाय किती, कोण कितीदा उठून पाठ ताठ करतं. परवा त्याच काकूंनी नव्या पाटाला तोंडावर दोन गुण दिले. "फळी लई जड हाय, भाऊ." दादानं तो दोनचा आकडा वहीत लिहून घेतला. मग हळूच म्हणाला, "आता कुठं त्यांनी मला पाहुणा मानायचं सोडलं."

तुमच्याही दारी कधी कुणी वही घेऊन येईल. त्याला चहा जरूर पाजा. पण उत्तर खरं द्या. तुमच्या एका गोड पाचावर उद्या कुणाचे तरी गुडघे भरवसा ठेवतील.