अंगाऱ्यातली पावडर

माझी पहिली मुलगी किहीमला, माझ्या माहेरी झाली. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. बारशाला आला तेव्हा त्याने रेवसच्या बोटीतून गुलाबाच्या वासाच्या पावडरीचा डबा आणला. आमच्या वाडीत असला डबा कुणी पाहिला नव्हता. बायका नुसता वास घ्यायला येऊन जायच्या, आणि मी चांगलाच भाव खायची.

तोवर आमच्याकडे न्हालेल्या बाळाला वेखंडाची पूड लावत. सुईण ती मुठीने घेऊन चोळायची. ही पावडरही तिने तशीच मूठभर घेतली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीचं दार लावलेलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. वेखंड अंगाला चिकटून बसायचं, पावडर मात्र खोलीभर तरंगत राहायची.

थोड्याच दिवसांत मुलीला धाप लागू लागली. न्हाणं झालं, धुरी झाली, सुईणीने पावडर लावली की ती खोकायची आणि तिचे ओठ काळेनिळे पडायचे. संध्याकाळपर्यंत पुन्हा अंगावर प्यायला लागायची. दुसऱ्या दिवशी न्हाणं झालं की पुन्हा तेच.

शेजारची सून माझ्या आधी दोन महिने बाळंतपणात गेली होती. अशी बाई अळवंतीण होऊन फिरते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. आई एक दिवस बंद दाराकडे बघत हळूच म्हणाली, "ती येते गो. न्हालेलं पोर बघायला येते. तिच्या पोराला न्हाऊ घालायला ती राहिली न्हाय ना."

भर दुपारी त्या खोलीत मला कोपऱ्याकडे पाठ करून बसवेना.

आईने वाडीतल्या भगताला बोलावलं, त्याने अंगारा दिला. न्हाणं झाल्यावर लावायचा, आणि ती आली असं वाटलं की पुन्हा लावायचा. सुईणीने त्यातला बराचसा पावडरीच्या डब्यात ओतून हलवला. म्हणाली, "आता अंगभर लागंल. तिला हात लावायला जागाच न्हाय उरायची."

मग मुलीला धाप लागली की आम्ही डबा उघडायचो. ती जितकी तडफडायची तितक्या मुठी पडायच्या. तिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. एकदा दारावर पाच पांढरी बोटं उमटलेली दिसली. सुईणीचीच असणार, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईने त्या बोटांपुढे हात जोडले. "बाय, जा आता. आमचं पोर सोड."

मी हात जोडले नाहीत. मी त्या बाईला शिव्या घातल्या. मला डोहाळे लागले होते तेव्हा चिंचा आणून देणारी ती, पण माझ्या मुलीवर टपलेली म्हटल्यावर मी तिची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली.

डबा संपला आणि ती यायची थांबली. मुलगी हसू लागली. भगताला नारळ गेला. तेवढ्यात नवरा पुन्हा आला, हौसेने नवा डबा घेऊन. उरलेला अंगारा त्यात गेला, आणि त्याच दिवशी ती परत आली. सगळे दाराकडे बघत होते. मी मुलीकडे बघत होते. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर पडली होती, आणि त्या तिरिपीतून पांढरी पूड तिच्या उघड्या तोंडात शिरताना मला स्वच्छ दिसली. ती श्वास ओढायची तशी पूड आत जायची.

खोलीत आमच्याखेरीज कुणी नव्हतं. कधीच आलं नव्हतं.

मी दार उघडून मुलीला वाऱ्यावर नेलं. तसंच बैलगाडीने अलिबाग गाठलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डब्याचं विचारलं आणि पावडर फुप्फुसात जाऊन बसल्याचं सांगितलं. आईने विचारलं, "काढता येल का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

परतताना मुलगी माझ्या मांडीवर होती आणि तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू येत होती. वाटेत ती शीळ थांबली. आई रडत होती. मी गाडीतून मागे बघत राहिले आणि मनातल्या मनात त्या मेलेल्या बाईला हाका मारत राहिले. ती आली असती तर भगताने तिला तरी काढलं असतं.