दोन रांगा, एक काटा

माझी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत मी तिच्या लेखी पाहुणाच होतो. महिन्यातून एकदा-दोनदा बॅग घेऊन यायचो, खेळणी आणायचो, आणि तिला उचललं की ती भोकाड पसरायची. बायको लगेच तिला माझ्या हातातून घ्यायची. म्हणायची, "राहू द्या. उद्या जायचंच आहे तुम्हाला, कशाला उगीच रडवता?" तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा, म्हणून ते जास्त लागायचं.

मी वैमानिक. माझी नेमणूक दक्षिणेतल्या एका शहरात आणि बायको नागपूरला कॉलेजात शिकवायची. नागपूरलाही आमच्या कंपनीची विमानं मुक्कामाला असायची, पण तिथं जाऊ इच्छिणारे पुष्कळ आणि जागा मोजक्या. आमच्या धंद्यात कोण किती हुशार हे फारसं कोणी विचारत नाही. ज्येष्ठतेच्या यादीत तुमचा नंबर कितवा, ते विचारतात. कोणतं शहर, दिवाळीची रजा, कॅप्टनची खुर्ची, सगळं त्या नंबरावर. माझा नंबर सरकत सरकत नागपूरच्या उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि नेमकी तेव्हाच एका मोठ्या कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली.

आता दोन कंपन्यांच्या दोन याद्यांची एक यादी करायची होती. तिकडचे वैमानिक म्हणाले, तुम्ही आमच्यात आलात, तेव्हा आमच्या शेवटच्या माणसाच्या मागे उभे राहा. आमचं म्हणणं, जो ज्या तारखेला आपापल्या कंपनीत लागला ती तारीख धरा. त्यांचं चाललं असतं तर काल मिसरूड फुटलेली पोरं माझ्या पुढे गेली असती, आणि मुलगी शाळेत जाईपर्यंत मी पाहुणाच राहिलो असतो. दोन्हीकडच्या माणसांची एक समिती बसली आणि कित्येक महिने बसूनच राहिली.

खामगावजवळच्या आमच्या गावी थोरला भाऊ शेती करायचा. ही भानगड त्याला फोनवर सांगितली तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त तापला. "काऊन बे? तू काय त्यायच्या दारात भीक मांगाले गेल्ता? तुयी इतक्या वर्साची नोकरी पाण्यात गेली का?" तेव्हापासून त्याचा फोन आला की आधी मोठ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि मग माझी खुशाली.

यादी लागणार त्या आठवड्यात मी रजा टाकून गावी आलो. बायको-मुलगी आधीच येऊन राहिल्या होत्या. दिवस कापसाचे होते. तोवर गावात सगळ्यांनीच बीटी कपाशी लावली होती. बियाण्याचं पाकीट महाग, पण पहिली वर्षं बोंडं अशी फुटली की वेचायला बाया मिळेनात. मग लाल्या येऊ लागला. पानं लाल पडायची, झाड वाढायचं थांबायचं, खताचा खर्च तेवढा थांबायचा नाही. त्या साली व्यापाऱ्यांनी भाव पाडला, तेव्हा ज्याच्या घरात कापूस होता तो प्रत्येक जण सरकारी खरेदी केंद्राकडे धावला. भाऊ मंगळवारपासून खामगावच्या केंद्रावर ट्रॅक्टर लावून बसला होता. गुरुवारी मी त्याचा डबा घेऊन गेलो.

केंद्र असलेल्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून रांग रस्त्यावर दूरवर गेली होती. सोमवारच्या गाड्या मोजून झाल्या होत्या आणि भाऊ फाटकाजवळ पोचला होता. स्वारी खुशीत होती. "संध्याकाळलोक काटा होते आपला," तो म्हणाला. काटा होणं म्हणजे वजन होणं, मग सुटका. ट्रॉलीच्या सावलीत बसून आम्ही डबा उघडला. त्यानं विचारलं, "लागली का तुयी यादी?" मी नाही म्हटलं आणि त्यानं मोठ्या कंपनीचा उद्धार सुरू केला.

तो रंगात आला असतानाच रस्त्यावरून आणखी ट्रॅक्टर येऊ लागले. हे सोनाळ्याकडचे लोक होते. त्यांच्या भागातल्या केंद्रात कापूस ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून तिथली खरेदी बंद करून रांगेतल्या माणसांना इकडे पिटाळलं होतं. केंद्रावरचा कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बाहेर आला, "हेही तिकडे रांगेतच होते, तुम्ही आपसांत जमवून घ्या," एवढं बोलून आत गेला.

भाऊ डब्यावरून उठला. "जमवाचं काय त्याच्यात? आज आले, मांगं लागा."

पहिल्या ट्रॅक्टरवरून पांढऱ्या दाढीचे एक चाचा खाली उतरले. "भाऊ, आमी सोमवारपासून रांगेत हावो. केंद्र बंद पडलं त्यात आमचा काय कसूर? आमचे दिवस काय फुकट गेले?"

"ते दिवस तुमच्या तिकडचे, चाचा. इथं इथचाच दिवस चालते."

मोठ्या कंपनीच्या वैमानिकांनी समितीला दिलेल्या पत्रात हेच होतं, फक्त इंग्रजीत. मला हसू आवरेना. मी भावाची बाही ओढली आणि म्हटलं, "दादा, आता मोठी कंपनी बोलून राह्यली वाटते."

त्यानं बाही सोडवून घेतली. मग म्हणाला, "तुयं येगळं हाय."

"काय येगळं?"

"तुयं विमान हाय."

तो आणखी चिडला. खाली बसला. उरलेली भाकर ठेच्याशी अशी खाल्ली की जणू तिनंच त्याला उलट उत्तर दिलं होतं. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि पुन्हा उठला. "चाचा, तुमच्यातल्या सोमवारच्या गाड्या कोन्त्या? त्या काढा पुढं."

मग त्यानं उभ्या रस्त्यावर कारभार हाती घेतला. तिकडच्या सोमवारच्या गाड्या सगळ्यांच्या आधी. त्यांच्यामागे मंगळवारच्या, एक इथली, एक तिकडची. मग बुधवारच्या, तशाच. आमच्याच गावच्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या. त्यानं त्या व्याजासकट परत केल्या. या सगळ्यात आमचा ट्रॅक्टर फाटकापासून पार लांब गेला आणि त्या दिवशीचा काटा हुकला. चाचांनी त्याच्यापुढे बिडी धरली. "सोडली मी," तो घुश्शात म्हणाला, आणि थोड्या वेळानं स्वतःच मागून घेतली.

मी निघालो तेव्हा म्हणाला, "तुया त्या समितीले इकडं धाडून दे. जेवायच्या आत उरकून देतो."

शुक्रवारी दुपारी समितीतल्या माझ्या सहकाऱ्याचा फोन आला. मी अंगणात होतो. तारीख धरली होती. ज्याची नोकरी आधी लागली तो पुढे, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. मोठ्या कंपनीतले बरेच जुने लोक माझ्या पुढे आले होते आणि ते योग्यच होतं. पण त्यांचीही विमानं नागपूरला थांबत असल्यामुळे तिथल्या जागा वाढल्या होत्या, आणि त्यातली एक मला मिळत होती. मी बाजेवर बसलो. इतके महिने छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो हे तो उतरल्यावर कळलं. डोळे भरून आले, आणि अंगणात कोणी नव्हतं म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

पुन्हा फोन वाजला. भाऊ होता. "काटा झाला," तो म्हणाला. "तुयं काय? पुढं किती गाड्या हायेत?"

"लय हायेत. पण नागपूर भेटलं, दादा."

"मंग नाक काऊन ओढून राह्यला बे?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचाही आवाज काही धड नव्हता.

मी आत गेलो. बायको कणीक मळत होती आणि मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. मी सांगितलं. तिनं ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग हात धुतले, पदराला पुसले, मुलीला उचललं आणि माझ्याकडे दिलं. मुलीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नेहमीसारखं भोकाड पसरलं. मी सवयीनं तिला परत द्यायला हात पुढे केले.

बायकोनं घेतलं नाही. ती पुन्हा परातीशी बसली.

"रडू द्या," ती म्हणाली. "होईल सवय."