चांगल्या हेतूची भुकटी

शर्टांच्या कारखान्यात ती सत्तावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. लोंबता दोरा, सुटलेली टीप, केसभर सरकलेलं बटण, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मुली पाठीमागे तिला ‘कात्रीबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, तरी पोटात एक गाठ उरली. डॉक्टरीणबाईंनी घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या: चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी. हे कामही तिने कारखान्यातल्यासारखंच अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर अर्ध्या तासात, वहीत वेळ लिहून. तळहात सोलून निघाले, तळपायांची आग आग व्हायची, पण एक गोळी चुकली नाही. तीन महिन्यांनी गाठ निम्म्यावर आली.

तेव्हाच मोठी नणंद मदतीला येऊन राहिली. “तू पड गं, मी आहे ना,” म्हणत तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी सूप आणून द्यायची. जरा कडवट लागायचं. पण गोळ्यांनी तोंडाची चव गेलेलीच होती, म्हणून हिने मनावर घेतलं नाही.

पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे भलतेच चढलेले निघाले.

“गोळ्यांशिवाय आणखी काही घेता? काढा, पाला, भुकटी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे!” म्हणत तिने वही पुढे केली. शेजारी बसलेला नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

बाहेर व्हरांड्यातच तिने त्याला गाठलं. “अहो, वन्सं सुपात काय घालतात?”

“कुणाला तरी गुण आला होता म्हणे त्या भुकटीने,” तो पुटपुटला. “ताईचा हेतू चांगला होता गं. तुला सांगितलं असतं तर तू घेतलीच नसतीस.”

“म्हणून तुम्हीही बोलला नाहीत?”

ती तशीच आत गेली आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आली. गोळ्या दीड महिना बंद ठेवाव्या लागल्या.

घरी नणंदेने रडून आकांत मांडला. शेजारणी धावल्या, त्या नणंदेचे डोळे पुसायला. “एवढं राबली बिचारी, आणि वर हे ऐकून घ्यायचं!” आतल्या खोलीत हिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. नवराही बाहेरच बसला होता, बहिणीजवळ.

दीड महिन्यानंतर गाठ पुन्हा होती तेवढी झाली.

“भुकटीनेच वाढली असं मी म्हणणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण गोळ्या थांबायला नको होत्या, त्या थांबवाव्या लागल्या.”

यातलं पहिलं वाक्य तेवढं नणंदेने उचललं. आल्या-गेल्याला ती ते ऐकवू लागली, आणि मग मोकळ्या मनाने आपल्या घरी गेली.

आता दुसऱ्या गोळ्या चालू आहेत, जास्त त्रासाच्या आणि कमी आशेच्या. ती आपलं जेवण आपणच शिजवते, उभं राहवलं नाही तर स्टुलावर बसून. नवऱ्याने आणून दिलेलं पाणीसुद्धा ओतून टाकते आणि नळाखाली पेला धरते.

“किती दिवस असं चालायचं?” त्याने एकदा विचारलं.

“ते डॉक्टरांना विचारा,” ती म्हणाली.

तो विचारायला गेला नाही. नातेवाइकांत मात्र म्हणत असतो की आजाराने तिचा स्वभाव फार बिघडवला.