मयतीचं पाणी

सोमवारी सकाळी नऊ वाजता गावातल्या नऊशे माणसांना कळलं की तुळसा रंगारी पैसे घेऊन पाणी सोडते. एकट्या तुळसालाच कळलं नव्हतं. बातमी आली होती नगरपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि तुळसाचा मोबाईल बटणाचा. त्या वेळी ती बाजार चौकात, चेंबरमध्ये हातभर लांब चाबी घालून व्हॉल्व फिरवत होती. म्हणजे तिकडे लोक फोनवर तिची बदनामी वाचत होते आणि इकडे त्यांच्याच नळाला ती पाणी पोचवत होती. घ्या!

घरी आली तर सून खुशबू दारातच उभी.

"आई, तुमी कोनाकडून पैसे घेतले का जी?"

"कायचे पैसे?"

खुशबूनं फोन समोर धरला आणि वाचून दाखवलं. 'वॉर्ड क्र. ४ मध्ये वेळापत्रकाबाहेर पैसे घेऊन पाणी सोडले जात असल्याची तक्रार प्राप्त. संबंधित रोजंदारी कर्मचारी श्रीमती तुळसा रंगारी यांच्याकडून खुलासा मागविण्यात आला आहे. आपल्या सेवेत सदैव तत्पर.' खाली फोटो. लुगडं खोचून चेंबरवर वाकलेली तुळसा, तोंड अगदी स्पष्ट. त्याच्याखाली एकशे चाळीस अंगठे.

"थो तर गुरुवारचा फोटो होय," तुळसा म्हणाली. "शेंडेच्या घरी मयत होती." मग तिच्या लक्षात आलं आणि आवाज चढला. "मयतीच्या पान्याचे पैसे घेतले मी? लिव त्याच्यात. आत्ताच्या आत्ता लिव का मी नाई घेतले मनून."

"त्याच्यात आपल्याले लिवता येत नाई, आई. फक्त साहेबच लिवू शकते."

वा रे वा! म्हणजे बोलायचं साहेबांनी, ऐकायचं गावानं, आणि जिच्या नावानं शिमगा केला तिनं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. याला म्हणतात नागरिकांशी संवाद. आणि ज्या खुलाशाचा एवढा डांगोरा, त्याची नोटीस तुळसाच्या हातात पडली दुपारी तीन वाजता. शिपायानं घडी करून वरच्या खिशात ठेवलेली, घामानं ओली. आधी फाशी, मग पंचनामा.

गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. उगाच माझ्याकडूनही खुलासा मागवायचे.

तुळसा मूळची करडीची. लग्न होऊन इथं आली तेव्हा इथं ग्रामपंचायत होती आणि तिचा नवरा तेजराम पाणी सोडायचं काम करायचा. त्याला दम्याचा त्रास. हिवाळ्यात चाबी फिरवता फिरवता तो खाली बसायचा, की तुळसा पुढे होऊन उरलेले फेरे मारायची. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्या दिवसापर्यंत गावात पाणी कसं सोडायचं हे कोणालाच कळेना, तेव्हा सरपंच तिच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुले येते ना?" एवढीच तिची मुलाखत. पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, खुर्च्या बदलल्या, बोर्ड बदलला, ऑफिसात एसी आला. तुळसा होती तिथंच, रोजंदारीवर. चाबीसुद्धा ऑफिसची नाही. तेजरामनं अड्याळच्या लोहाराकडून करून आणली होती, ती.

आणि काम तरी कसं! कोणत्या गल्लीचा पाईप कितव्या फेऱ्याला घरघरतो, कुठं बाराच्या वर फेरे दिले की जोड सुटतो, टोकावरच्या घराला किती मिनिटांनी धार पोचते, हे सगळं तिच्या मनगटात. नकाशा ऑफिसात आहे म्हणतात. तो नकाशा घेऊन कोणी एक गल्ली भिजवून दाखवावी, मी इथं बसलो आहे.

आता मयतीच्या पाण्याचं सांगतो. गावात नळ येतात एक दिवसाआड, चाळीस मिनिटं. पण मरण काही एक दिवसाआड येत नाही. मोक्षधामावरून पन्नास-साठ माणसं परत येतात, अंग धुतल्याशिवाय कोणी घरात पाय टाकत नाही, आणि बायकांना सगळं घर धुवायचं असतं. तेवढं पाणी कोणाच्या घरी साठवलेलं असतं, सांगा. म्हणून तेजरामच्या काळापासूनची रीत. मयतीच्या घरचं कोणीतरी यायचं आणि दारातूनच म्हणायचं, "पानी लागते." तुळसा विचारायची, "मयत कितीक वाजता उठवता?" बस. माणसं परतायच्या वेळेला तेवढ्या गल्लीला अर्धा तास पाणी. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गल्ल्यांना पाच-पाच मिनिटं कमी यायचं. कोणी हूं की चूं केलं नाही, कारण प्रत्येक गल्लीनं कधी ना कधी ते पाणी अंगावर घेतलेलं.

यात जात नाही, पार्टी नाही. ज्यांच्या विहिरीवर तुळसाच्या आजेसासऱ्याला उभं राहू देत नव्हते, त्यांच्याही मयतीला तिनं पाणी सोडलं. पैसा तर सोडाच, कोणाच्या घरी त्या दिवशी ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे.

फोटो काढणारा नव्या लेआउटमधला. दोन वर्षांपूर्वी घर बांधून आलेला. वेळापत्रकात नसलेल्या दिवशी एका गल्लीत पाणी वाहताना दिसलं, म्हणजे पैसे खाल्ले असणार, असा त्याचा हिशेब. बाजूला उभ्या एखाद्या माणसाला विचारलं असतं, काय चाललं आहे भाऊ? पण नाही. विचारायला तोंड लागतं, तक्रार करायला बोट पुरतं.

मंगळवारी तुळसा ऑफिसात गेली. साहेब म्हणजे मुख्याधिकारी, तरुण, बाहेरून बदलून आलेले. बोलायला गोड, हे कबूल केलं पाहिजे.

"ताई, बसा. आरोप खोटा असेल तर पुरावा द्या. कोणत्या तारखेला कोणाचा मृत्यू, पाणी सोडण्याची परवानगी कोणाची?"

"मयतीले परवानगी कोनाची पायजे, साहेब?"

"पाण्याला पाहिजे."

शेजारी पाणीपुरवठ्याचे बाबू केशवराव फाईल धरून उभे होते. याच केशवरावांची आई दोन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात गेली, तेव्हा ते स्वतः अनवाणी तुळसाच्या दारात आले होते. तुळसानं त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. केशवरावांनी फाईलमधलं पान उलटलं, मग अजून एक उलटलं. तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आईच्या मयतीचे उपकार तोंडावर मारायचे, हे तिच्यानं झालं नाही.

बुधवारी ग्रुपवर नवी बातमी. 'नागरिकांच्या सोयीसाठी! कुटुंबात मृत्यू झाल्यास अतिरिक्त पाण्यासाठी आता विहित नमुन्यात अर्ज करता येईल. सोबत मृत्यूचा दाखला व चालू वर्षाची कर पावती जोडावी. अर्ज किमान दोन दिवस आधी सादर करावा.'

दोन दिवस आधी! आता मरणाऱ्यानंच उठून जावं आणि सांगावं, साहेब, परवा जातो आहे, तेवढं पाण्याचं बघा. दाखला मेल्यावर मिळतो, अर्ज मरायच्या आधी द्यायचा. हे लिहिताना एकाचीही लेखणी अडली नाही? वर याला दोनशे अंगठे आले. त्याच दिवशी सगळ्या चेंबरच्या झाकणांना कड्या बसवल्या आणि कुलपं लावली. किल्ल्या ऑफिसात. तुळसानं पाणी सोडायच्या वेळी किल्ली न्यायची, सही करायची, परत आणून द्यायची. आणि खुलासा सोमवारपर्यंत दिला नाही तर घरी बसायचं, असं शिपाई सांगून गेला.

"आई, माफी लिवून टाका," खुशबू म्हणाली. "घर याच्यावरच चालते आपलं."

ते खोटं नव्हतं. मुलगा नागपूरला बांधकामावर, हाताला काम असलं तर असलं.

शनिवारी सकाळी ढिवर मोहल्ल्यातला धनीराम गेला. जन्मभर तलावात जाळं टाकणारा माणूस, आणि मे महिन्यात तलावाला भेगा पडलेल्या. मोहल्ल्यात एक विहीर होती. ती मागच्या वर्षी सौंदर्यीकरणात बुजवली आणि वर फोटो काढायला रंगीत चौथरा बांधला. त्या चौथऱ्यावर कोणी पाणी शेंदू शकत असेल तर मला सांगा.

धनीरामचा पुतण्या धनराज ऑफिसात गेला. शनिवार, ऑफिस बंद. ग्रुपवर दिलेल्या नंबरवर फोन लावला, तर तिकडून बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. कार्यालयीन वेळेत संपर्क साधा. मग धनराज तुळसाच्या दारात आला. पण तो 'पानी लागते' म्हणाला नाही. त्यालाही ग्रुप माहीत होता. नुसता उभा राहिला.

तुळसानंच विचारलं, "कितीक वाजता उठवता?"

"उठवलं, काकू. एक वाजेपर्यंत परत येतीन." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्यावर बला येत असन तर राहू द्या. आमी पाहून घेऊ काही."

"काय पाहून घेता? हाये काय पाहाले?"

साडेबारा वाजता ती मोहल्ल्याच्या चेंबरपाशी उभी होती. डोक्यावर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. एकच्या सुमाराला माणसं परतली आणि घराबाहेर, भिंतीच्या वितीएवढ्या सावलीत उभी राहिली. म्हातारे होते, त्यातले दोघं मातीतच बसले. आत जमुनाबाई, धनीरामची बायको, सकाळपासून तशीच. घर धुतलेलं नाही, चूल पेटवायची नाही, कोणी आत जाऊ शकत नाही. बायका दारातून तुळसाकडे बघत होत्या. मागत कोणीच नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

"धनराज, सब्बल आन."

"काकू, नोकरी जाईन तुमची."

"नोकरी मले पानी सोडाले देल्ली का अडवाले? आन मन्लं ना!"

धनराजनं पहार आणली, पण हातात दिली नाही, स्वतःच पुढे झाला. तुळसानं ती त्याच्याकडून ओढून घेतली. उद्या पोलिसात नाव जायचंच तर ते मयतीच्या घरचं कशाला? तिसऱ्या घावाला कडी उखडली, कुलूप तसंच लटकून राहिलं. तिनं झाकण सरकवलं, चाबी घातली आणि अकरा फेरे मोजून दिले. आधी नळांतून हवा फुसफुसली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. बायका गुंड-घागरी आणि बकेटा घेऊन धावल्या. माणसांनी तिथंच रस्त्यावर अंगावर पाणी घेतलं. जमुनाबाईला दोघींनी धरून बाहेर आणलं, तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं, आणि तेव्हा कुठं ती बाई मोठ्यानं रडली.

अर्ध्या तासानं तुळसानं व्हॉल्व बंद केला. पाच मिनिटंही जास्त नाही.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर कागद तयार होता, केशवरावांनी टाइप केलेला. 'मी वेळापत्रकाबाहेर पाणी सोडले व शासकीय मालमत्तेचे नुकसान केले. ही माझी चूक आहे. यापुढे अशी चूक करणार नाही.'

"ताई, सही करा," साहेब म्हणाले. "मी विषय वाढवत नाही. उद्यापासून कामावर या."

"अन् पैसे खाल्ले मन्ता थे? ग्रुपवर लिवान का, थे खोटं होतं मनून?"

"तो विषय आता बंद झाला."

"तुमच्यासाठी बंद झाला, साहेब. मले बाजारात जा लागते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. केशवराव हळूच म्हणाले, "करून टाक बाई, तुह्याच भल्याचं हाये."

तुळसा करडीच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली. तिनं पेन घेतला, सहीची जागा सोडली आणि त्या टाइप केलेल्या ओळींच्या खाली, मोठ्या अक्षरात, सावकाश लिहिलं. 'मयतीच्या पाण्याचा एक पैसा घेतला नाही. मयत झाली तर पाणी सोडीन. तुळसा तेजराम रंगारी.'

साहेबांनी वाचलं. कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि केशवरावांना दुसरा काढायला सांगितला. प्रिंटरमधून तोच मजकूर पुन्हा आला, टेबलावर तिच्यापुढे ठेवला गेला.

तुळसानं त्याच्याखालीही तेच लिहिलं.