देवजीचा निळा

करावे गावात होडी रंगवायची ती देवजीनंच. दर घराची पट्टी वेगळी, होडीच्या नाळेवरचं, म्हणजे तोंडाशी काढायचं चित्र वेगळं. ही सगळी चित्रं त्यानं एका जाड वहीत काढलेली, प्रत्येकीखाली रंगाचा एकेक ठिपका. वही मुंबईच्या रंगवाल्या शेठकडे टाकून यायची. म्हातारा शेठ भुकटीत भुकटी कालवून ठिपक्याला ठिपका जुळवायचा, दुसऱ्या दिवशी पुड्या आणि वही हातात द्यायचा. उभ्या जन्मात त्या वहीचं पान दुमडलं नाही.

शेठ गेला. पंच्याण्णव साली पोरानं दुकान वाशीला आणलं. भुकटीची पिंपं गेली, परदेशी ट्युबा आणि काचेच्या फ्रेमा आल्या. इकडं खाडीत भराव पडला, होड्या उरल्या चार-दोन. त्यांनाही लोक डब्यातलं काहीबाही फासायचे. एकटा धर्मा हट्टी.

"नारली पुनवेला माज्या बापाचाच निला पायजे देवजी, न् नालेवर त्योच मासा. नायतं होडी कोरी जाल."

देवजीचा हात आता कापायचा. वहीत बघितल्याबिगर माशाचं शेपूट वळत नव्हतं. पण रंग हवा, म्हणून नेहमीसारखी वही दुकानात ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी मशिनवर जुळवलेला डबा तयार. निळा असा की ठिपका त्यात विरघळावा. देवजी खूश झाला. वही उचलली तर हलकी लागली. आत ब्लेडनं कापलेले काठ.

"पानं कुटं हायत रं?"

शेठच्या पोरानं शोकेसकडं बोट केलं. होड्या फ्रेमांत बसलेल्या, खाली छापलेलं: पारंपरिक लोककला, कलाकार अज्ञात.

"आरं, मी जित्ता हाय ना!"

"टेन्शन नको काका. वाळवीनंच खाल्ली असती. डबा तुम्हाला फुकट, झालं?"

"धर्माचं पान तं दे. मासा काडला का आनून देतंव."

"ते एका मॅडमनी घेतलंय, उद्या नेणार. सोसायटीच्या लॉबीत लावणार."

देवजी बाहेर फुटपाथवर उभा राहिला. रिकाम्या वहीच्या पुठ्ठ्यावर, काचेतून बघत, आपलाच मासा उतरवायला लागला. शेपटाशी हात अडला. तेवढ्यात पोरगा बाहेर आला.

"काका, कॉपी नका मारू. विकलेला माल आहे," म्हणाला, आणि आतून पडदा ओढला.

पुनवेला धर्माची होडी पाण्यात गेली. नाळ कोरी. निळा मात्र हुबेहूब बापाचा.