आईच्या तलावावर आलेला पाहुणा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली वाद नको. मी भुताखेतांना मानत नाही. कालही मानत नव्हते, आजही मानत नाही. गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मुर्रीकडे राहते. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि रिपोर्ट हातात दिल्यावर "दीदी, किसी की नजर तो नहीं लगी?" असं विचारणाऱ्यांना "लोह कमी आहे, पालक खा" म्हणून घरी पाठवते. तेव्हा मला भोळी-भाबडी समजून वाचायला बसला असाल तर इथेच थांबा.

माझं माहेर केशोरीजवळचं. आम्ही कोहळी — तलाव बांधणारी माणसं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी खोदला असं सगळेच सांगतात, ते खरं-खोटं देव जाणे. पण बाबा शेवटपर्यंत त्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटून देत, हे मी पाहिलेलं आहे. बाबा गेले, तेव्हापासून आई रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसते. पाणी सोडायचं जे दगडी दार आहे ना, तुडूम म्हणतो आम्ही, त्याच्या बाजूला. बाबा बसायचे तिथेच.

आमच्या घरात एक पद्धत आहे. इतरांकडे असेल-नसेल, मला माहीत नाही. घरातलं कुणी मोठ्या पाण्याकडे निघालं की तलावाचं पाणी बाटलीत भरून सोबत द्यायचं. पाण्याला पाणी भेटवायचं म्हणे. माझं लग्न झालं तेव्हाही सासरच्या तलावात ओतायला बाटली होती, आणि व्हिडिओवाल्याने ते दोनदा करायला लावलं होतं!

गेल्या मार्चमध्ये आम्ही नवरा-बायको श्रीलंकेला गेलो. टूरमध्ये मिरिस्साला बोटीतून देवमासे बघायला नेणार होते. निघताना भेटायला गेले, तर आईची बाटली तयार.

"हे ने वो बाई. अर्धं ओतजो, अन् अर्ध्यात तिकडचं भरून आनजो."

"आई, एअरपोर्टवर फेकतील ते."

"मोठ्या बॅगेत ठेव मंग. अन् सप्पा नको ओतू. सप्पा ओतलं का थे बोलावनं होते."

"सगळं ओतलं तर कुणाला बोलावणं?"

"आता मले का माहीत? जो तिकडं राहात असन त्याले."

मी हसले आणि बाटली साडीत गुंडाळून बॅगेत कोंबली.

आता बोट. फोटोत जे निळंशार दिसतं ना, त्यातला निम्मा वेळ उलटीच्या पिशवीत तोंड घालून जातो. उजाडता उजाडता निघालो होतो. ऊन वर आलं तरी देवमाशाचा पत्ता नाही. गाइड बिचारा प्रत्येकाची माफी मागत फिरत होता. तेवढ्यात मला बाटली आठवली. कठड्याला धरून झाकण उघडलं, तर समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी मोबाईल माझ्यावर रोखला. "अय्या, गंगाजल का? थांबा हं, पुन्हा करा ना, किती क्यूट!"

क्यूट! माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "छोड ना यार, बैठ जा." मी बसले नाही. बाटली उलटी धरली आणि पार शेवटचा थेंब गळेपर्यंत तशीच धरून ठेवली. अर्धं-बिर्धं काही लक्षात राहिलं नाही. राहिलं असतं तरी त्या क्षणी मी ऐकलं नसतं. रिकामी बाटली पर्समध्ये टाकली.

थोड्याच वेळाने तो आला. कुठून, ते बोटीवर कुणालाच कळलं नाही. गाइड दुसरीकडेच बघत होता. एक मोठा फुस्सकारा झाला, पाण्याचा खांब उभा राहिला आणि असा वास आला की ज्यांच्या उलट्या थांबल्या होत्या त्यांच्या परत सुरू झाल्या. मासळी बाजार उन्हात चार दिवस बंद ठेवला तर येईल तसा. मग ती पाठ... ती संपतच नव्हती हो. शेवटी शेपटी वर आली, क्षणभर तशीच राहिली. डावीकडचं टोक तुटलेलं होतं, भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसं. मी एकच फोटो काढला. शेपटी पाण्याखाली गेली आणि त्यानंतर आम्हाला दुसरा देवमासा दिसला नाही. मला रडू आलं होतं, का ते विचारू नका.

हॉटेलवर पोचलो तर दादाचा फोन. दादा नागपूरला असतो, एका लग्नासाठी गावी आला होता.

"आई सकाळी पाळीवर चिंब ओली होऊन बसली होती," तो म्हणाला. "पान्यात पडली असन. अन् म्हनते का तलावात मोठा मासा आला! केशोरीच्या डॉक्टरले दाखवलं, थे म्हनते वयानं होते असं. मी आता नागपूरले घेऊन जाऊन राहिलो तिले. घराले कुलूप लावतो."

"मी येईपर्यंत थांब."

"कायले?"

"थांब म्हणते ना!"

त्या रात्री मी देवमाशाचा विचार केला नाही, खरंच सांगते. आई नागपूरच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या जाळीतून पार्किंग बघत बसलीय, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. तिला तलावापासून तोडलं तर ती वर्षभरही काढणार नाही, हे मला माहीत होतं. दादालाही माहीत असावं. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी कुलूप शोधतो.

परतल्यावर नागपूरच्या विमानतळावरून मी तडक गाव गाठलं. ओसरीत आईचं गाठोडं बांधून ठेवलेलं. आई अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांपाशी बसली होती, पाठ घराकडे करून. दादाशी तिचा अबोला होता. मी शेजारी बसले. फोटोबद्दल, बोटीबद्दल चकार शब्द काढला नाही. फोटो मी कुणाला पाठवलाही नव्हता. आणि आईचा फोन म्हणजे बटणांचा डबा, त्यात फोटो येतच नाहीत.

"काय पाहिलंस, आई?"

"तू बी डॉक्टर झाली का?"

"सांग ना."

"तुडुमाजवळ बसून होती मी. पानी एकदम वर उडालं, आपल्या देवळाच्या कळसाएवढं. माया आंगावरच आलं. वास कसा, तं सडक्या मासोळीचा! मंग त्यानं शेपूट वर केली अन् गेला खाली."

"कशी होती शेपूट?"

तिने पसरलेल्या मोहफुलांवर बोट फिरवलं. दोन पंख काढले, मोठे. मग डाव्या टोकाची मूठभर फुलं उचलली आणि बाजूला ठेवली.

"इथं तुटून होती बिचाऱ्याची."

मोबाईल काढून दादाला हाक मारली आणि फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने फोटो पाहिला, मोहफुलं पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"तूच सांगतलं असन तिले."

"कशावर? ह्या डब्यावर?"

"मंग योगायोग होय."

"असेल. योगायोग पाहिला म्हणून बाईला कुलूप लावून नेतात का?"

मी ओसरीवर जाऊन गाठोडं सोडलं. त्यात ती त्या दिवशीची साडी होती, न धुताच बांधलेली. वाळून कडक झालेली, पदरावर पांढरे चट्टे. मी पदर जिभेला लावला. हो, लावला. लॅबमध्ये असं कुणी केलं तर मी त्याला झापते. खारट होता. घामानेही खारट होतो, मला ठाऊक आहे. पण आमच्या तलावाच्या पाण्याने होत नाही.

मी तुडुमापर्यंतही जाऊन आले. मार्चमध्ये तिथे म्हैस बसली तर तिची पाठ उघडी राहते, इतकंच पाणी. त्यात देवमासा मावत नाही. म्हणजे आई म्हणते ते घडूच शकत नाही. आणि आई खोटं बोलत नाही, तिला वेडही लागलेलं नाही. या दोन्ही गोष्टी मी एकदमच खऱ्या मानते. जमत नसेल तर तुम्ही मानू नका.

फोटो टाका म्हणाल. नाही टाकणार. माझी आई कुणाच्या कमेंटमध्ये "क्यूट" व्हायला बसलेली नाही. उत्तर माझ्याकडे नाही, आणि "मनाचे खेळ" हेही उत्तर नाही.

आई गावातच आहे. रोज पाळीवर जाते. दादा दर रविवारी फोन करून "पडली नाही ना?" विचारतो, आणि आई त्याला "तू नाही ना पडला?" असं विचारते.

त्या दिवशी तिने मला फक्त एकदाच विचारलं होतं, चहा घेताना. "सप्पाच ओतलं ना वो तू?"

"हो," मी म्हणाले. "राग आला होता."

तिने मान हलवली. रागावली नाही.

येत्या हिवाळ्यात आम्ही पुरीला जाणार आहोत. परवा माहेरी गेले तर बाटली धुऊन उपडी घातलेली दिसली. मी म्हटलं, "आई, या वेळी अर्धंच ओतते, शपथ."

"काऊन?" आई म्हणाली. "सप्पा ओतजो. मागच्या बारीन मी खालीच बसून होती, नीट दिसला नाही. या बारीन उभी राहीन."